उंचीच्या अंदाजासाठी उभी केलेली व्यक्ती

आमच्या घरी एक अल्बम आहे. काळ्या पुठ्ठ्याची पानं, फोटोच्या कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी त्रिकोण, आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईत आमच्या ह्यांचं वळणदार अक्षर. 'जुना वड. घेर पाहावा.' 'बंधारा, पावसाळ्यानंतर. उंचीच्या अंदाजासाठी व्यक्ती उभी केली आहे.' 'सड्यावरील कातळ. प्रमाणासाठी डावीकडे व्यक्ती.'

ही व्यक्ती म्हणजे मी. लग्नाची बायको.

वडाच्या फोटोत मी मुंगळ्याएवढी दिसते. बंधाऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी. कातळाच्या फोटोत मी आहे हे ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मानायचं. एकदा मी भिंग लावून शोधलं तेव्हा ज्याला मी 'मी' समजत होते ते निवडुंगाचं झुडूप निघालं. अल्बममध्ये असे चाळीसेक फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून माझं नाक एकदाही दिसत नाही.

आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. गाव आचऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. ह्यांचा एक चुलतभाऊ आगबोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून हा बॉक्स कॅमेरा आणला, दोन महिन्यांत त्याला कंटाळला आणि ह्यांना देऊन मोकळा झाला. चौकोनी काळा डबा. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या इवल्याशा काचेत बघायचं आणि बाजूची कळ दाबायची. एका फिल्मवर आठ फोटो. कितवा फोटो चाललाय तो आकडा पाठीमागच्या लाल काचेत दिसायचा. फिल्म मुंबईहून यायची, मालवणला धुतली जायची, आणि मधल्या काळात घरात परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं वातावरण असायचं.

एरवी हे आईशी, गड्यांशी, माझ्याशी मालवणीतच बोलायचे. पण कॅमेरा गळ्यात पडला की भाषा बदलायची. "किंचित मागे सरक. आणखी. आणखी. तिथे स्थिर राहा." ह्यांचं म्हणणं असं की मापाशिवाय देखाव्याला अर्थ नाही. झाड मोठं आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं? शेजारी काहीतरी ठाऊक असलेल्या उंचीचं हवं. गाय ठेवली तर ती चालू लागते. गडी ठेवला तर तो मजुरी मागतो. राहता राहिले मी.

मी तोंडवलीची. दार उघडलं की समुद्र. पाणी बघण्यासाठी डोंगर चढायचा ही कल्पनाच मला लग्नानंतर कळली. आमच्या गावावरच्या डोंगरात देवीचं तळं आहे, दोन तासांची चढण, आणि त्या तळ्याचा फोटो अजून कोणी काढलेला नाही हे ह्यांच्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. एकोणीसशे साठच्या आगेमागे मुंबईच्या एका मासिकाने वाचकांकडून निसर्गदृश्यं मागवली, आणि झालं. शिमग्याच्या आधीच्या एका रविवारी तळ्यावर जायचं ठरलं. उंचीच्या अंदाजासाठी मीही.

त्याच आठवड्यात माझ्या दातांचा निकाल लागला होता. वरच्या हिरड्या वर्षभर सुजत होत्या, लवंग, मीठ, हळद सगळं करून झालं होतं. मालवणच्या दातांच्या डॉक्टरने आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की पुढचे चार काढावे लागतील, नाहीतर ते शेजारच्यांनाही घेऊन जातील. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने या. म्हणजे रविवारी डोंगर आणि सोमवारी दात.

आता मी जे सांगणार आहे ते बाईमाणसाने स्वतःबद्दल सांगू नये असं आहे, पण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. माझे दात फार सुंदर होते. रंगाने मी सावळी, नाक बेताचं, केस बरे. पण दात. तोंडवलीची माझी आत्या सगळ्यांदेखत म्हणायची, "ह्या चेडवाचा नाक देवान घाईत लायल्यान, पण दात मात्र बसान घातल्यान." विहिरीवर बायका मला मुद्दाम हसवायच्या. वय वर्षं अठ्ठावीस, लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं, आणि अंगावर म्हणून दाखवावं असं एवढंच काय ते उरलं होतं. तेही सोमवारी जाणार. मला ते जाण्याआधी फोटोत हवे होते. बाकी माझी काही मागणी नव्हती.

स्टुडिओ मालवणच्या बाजारात होता. पण तिथे दोनच तऱ्हेची माणसं जायची, लग्नाच्या मुली आणि ज्यांचं वय झालंय अशी म्हातारी, भिंतीवर लावायला लागेल म्हणून. मी सासूबाईंजवळ विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, "लगीन झाला, पोरा झाली. आता फोटो काढून खंय धाडूचो आसा?"

मग शनिवारी रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, "उद्या एक फोटो माझो काढा. तोंडाचो."

हे भात कालवता कालवता थांबले. "माणसांचे फोटो ही स्टुडिओवाल्यांची कामं," ते म्हणाले. कॅमेरा गळ्यात नव्हता, तरी भाषा ती. "आठच तर असतात. माझा विषय निसर्ग आहे."

दातांचं कारण मी सांगितलं नाही. नवऱ्याला काय सांगायचं, माझे दात बघण्यासारखे आहेत म्हणून? हिला सोमवारची भीती वाटतेय एवढाच त्यांनी अर्थ लावला असता. मी ताक वाढलं.

रविवारी आठाला निघालो. देवीच्या तळ्यावर मासळी न्यायची नाही, म्हणून घावणे, गूळखोबरं आणि लोणचं. सुक्या बांगड्याशिवाय डोंगर चढणं हा माझ्यावरचा पहिला अन्याय. आधी गावातली पाखाडी, मग करवंदीच्या जाळ्यांमधून वर जाणारी घाटी, मग उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि सड्याच्या पलीकडे उतरून डोंगराच्या ओंजळीत ते तळं. ह्यांच्या पायात चपला, गळ्यात कॅमेरा. माझ्या डोक्यावर फराळाचं टोपलं, हातात पाण्याची कळशी. निसर्गाचं ओझं त्यांनी घेतलं होतं, बाकीचं मी.

पाखाडी संपायच्या आतच पहिला फोटो. "या पायऱ्यांची चढण लक्षात यायला हवी. तू वरच्या टोकाला जा." मी वर गेले. कळ दाबली. "आता खाली ये, टोपलं राहिलंय." दुसरा फोटो किंजळीच्या झाडाचा, त्यासाठी मी जाळीत शिरले आणि काट्यांनी लुगडं फाडून घेतलं. तिसरा दरीचा. दरीच्या कडेला मला उभं करून हे मागे मागे जात राहिले आणि तिकडून ओरडले, "आणखी थोडं कडेला!" मी म्हटलं, "आणि थोडा गेलंय तर माप कायमचा गावतला." चौथा आणि पाचवा सड्यावर, कारण चौथ्याच्या वेळी ढग आडवा आला असं त्यांना वाटलं. प्रत्येक वेळी मी मनात मोजत होते. आठातले पाच गेले. अकरा वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या कशावर एवढं लक्ष ठेवलं नव्हतं.

"राहिलेले तीन तळ्यासाठी," ते म्हणाले.

"त्यातलो एक," मी म्हटलं.

"बघू."

बघू हा शब्द मास्तर लोक मुलांना सुट्टी देताना वापरतात. सुट्टी कधी मिळत नाही.

तळ्याशी पोचलो तर तिथे दोन माणसं आमची वाट बघत बसली होती. एक देवीचा गुरव, तो रोजचाच. दुसरे गावकार, म्हणजे गावाच्या देवकार्यात ज्यांचा पहिला मान असतो ते, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, शेजारी नारळ. मास्तर तळ्याचा फोटो काढणार ही बातमी आमच्याआधी डोंगर चढली होती. हे त्यांना नमस्कार करून सरळ पाण्याकडे चालू लागले आणि कॅमेऱ्याच्या काचेवरून रुमाल फिरवू लागले, तेवढ्यात गावकार उठले.

"मास्तरानू, तळा देवीचा. तिका इचारल्याशिवाय तळ्याचो फोटो नेवक गावचो नाय."

"फोटो काढल्याने तळ्यातलं पाणी थेंबभरही कमी होत नाही," हे म्हणाले. "हे विज्ञान आहे."

"विज्ञानाक कोण नाय म्हणता? पण इचारूक काय लागता?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघत होते. देवीच्या तळ्यातले मासे कोणी धरत नाही, त्यामुळे ते माजलेले असतात. एकेक असा जाडजूड, आणि काठाशी येऊन तोंड उघडून बघणारा. तोंडवलीच्या मुलीने असे मासे नुसते बघायचे, हा दुसरा अन्याय.

तर कौल लावायचं ठरलं. बाहेरच्या माणसांसाठी सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन कळे चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. कळा म्हणजे फुलाची पाकळी म्हणा. मग देवीला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही, आणि काहीच पडलं नाही तर बसून राहा. देवीला घाई नसते. तळ्याकाठच्या देवीच्या देवळाला भिंत एकाच बाजूला होती, बाकी चार खांब आणि वर मातीच्या नळ्यांचं छप्पर. आम्ही खाली बसलो. हे जरा लांब, आपण या प्रकारात नाही असं दाखवत.

गुरवाने डोळे मिटून सुरुवात केली. देवी असली तरी गाऱ्हाण्यात ती महाराजाच असते. "बा आई माउली, तळ्याचे धनीण, आज हे मास्तर, गावचाच लेकरू, खोको घेवन तुझ्या पायाकडे इले हत. तेंका तुझ्या तळ्याचो फोटो काढूचो आसा. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. तशीच तेंची बायल इली हा. तेचे दात उद्या काढूचे हत. ता पण बऱ्यान पार पाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गावकार म्हणाले.

म्हणजे दातांची बातमीसुद्धा चढली होती. मी पदर तोंडाला लावला.

पहिल्या खेपेला दोन्ही कळे एकदम पडले. याचा अर्थ देवीचं मन ठरलेलं नाही, पुन्हा विचारा. दुसऱ्या खेपेला गुरवाने पाणी सढळ हाताने लावलं आणि कळे जे चिकटले ते चिकटलेच. आम्ही घावणे खाल्ले. गावकारांनी पान लावलं. डोंगराची सावली पलीकडच्या काठावर उतरली आणि पाण्यावर पुढे सरकू लागली. ह्यांची तगमग सुरू झाली. त्या कॅमेऱ्याला लख्ख ऊन लागायचं. सावलीत त्याला काही दिसत नसे. हे उठायचे, तळ्याकडे बघायचे, घड्याळ बघायचे, परत बसायचे, आणि नकळत कॅमेऱ्याची फिल्म फिरवायची किल्ली फिरवत राहायचे. मी बघत होते पण मला वाटलं ती काहीतरी तयारी असेल.

मग त्यांनी लाल काचेत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सहा होता तिथे आठ आला होता. दोन कोरेच फिरून गेले होते.

"एकच उरला," ते म्हणाले, जसं कोणी गेल्याचं सांगतात तसं.

मला एवढा राग आला. तीन असते तर एक माझ्या वाट्याला आला असता, निदान मी तो भांडून घेतला असता. एकात भागीदारी होत नाही. तो तळ्याला जाणार, आणि तळ्याच्या मापासाठी मी पलीकडच्या काठावर उभी राहणार. उद्या सकाळी एस.टी.

देवीची क्षमा मागून पुढचं सांगते. मी अशा घरातली की जिथे पोरींचं अर्धं बालपण मासे सुकत घालण्यात आणि कावळे हाकलण्यात जातं. ओली वस्तू उन्हात किती वेळात सुकते, कड कधी वळते, कधी सुटते हे मला कोणी शिकवायला नको. दुपार कलली तशी उघड्या बाजूने उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि देवीच्या उजव्या खांद्यावर पडली होती. डावा खांदा सावलीत. डावा कळा अजून ओलाकंच होता. उजव्याची कड वळायला लागली होती.

मी सरकत सरकत गुरवाजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "ओ, असा इचारून बघा. निस्त्या तळ्याचो नको. घरच्या लक्ष्मीक म्होरे उभी करून फोटो काढलो तर चलात काय? आणि तोंड सारखा दिसूक होया, ह्या पण इचारा."

गुरव चार तास मांडी घालून बसला होता. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, देवीकडे एकदा बघितलं, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बा आई माउली, ह्या तेंच्या घरच्या लक्ष्मीक तुझ्या तळ्याच्या म्होरे, तोंड सारखा दिसात अशी उभी करून फोटो काढलो, तर तुझी मर्जी आसा काय, म्हाराजा?"

"व्हय म्हारा..." गावकारांचं पुरं व्हायच्या आत उजवा कळा पडला.

गावकारांनी हात जोडले. मीही जोडले, आणि खरं सांगते, अगदी मनापासून. पडण्याची वेळ मला कळली होती, पण पडायचं काम तर तिनेच केलं.

हे उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, पण समोर गावकार, ज्यांचे दोन नातू ह्यांच्या वर्गात. विज्ञानाला कोण नाही म्हणतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "चल लवकर. ऊन जातंय."

त्यांनी पाण्याच्या काठावर माझी जागा ठरवली आणि मग पावलं मोजत मागे गेले. आठ पावलं. त्याहून जवळ त्या कॅमेऱ्याला नीट दिसायचं नाही, त्याहून लांब तोंड सारखं, म्हणजे नीट, आलं नसतं आणि देवीचा हुकूम मोडला असता. आठ पावलांवरून ह्यांनी मान खाली घालून त्या काचेत बघितलं. बराच वेळ बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला "मागे सरक" न म्हणता ते काही बघत होते.

फोटोच्या बाहेर माझ्या उजव्या हाताला गावकार, डाव्या हाताला गुरव, मागे तळं, समोर नवरा, त्याच्या पाठीशी देवी. माझा पदर आपोआप डोक्यावर गेला. नजर खाली गेली, मग त्यांनी "वर बघ" म्हटलं म्हणून वर आली. हनुवटी आत. हात एकावर एक. मला कोणी काही सांगितलं नाही. सांगायला लागतच नाही. मोठ्या माणसांसमोर कसं उभं राहायचं हे बाईच्या अंगात आधीच शिवून ठेवलेलं असतं.

टक् असा आवाज झाला, आणि त्या आवाजासरशी माझ्या लक्षात आलं की माझं तोंड मिटलेलं आहे.

"थांबा," मी म्हटलं. "आणि एकदा."

"संपली," ते म्हणाले आणि किल्ली फिरवून दाखवली. ती नुसतीच गरगर फिरली.

परतीच्या वाटेवर मी मागे मागे राहिले. ह्यांना वाटलं मी दमले. त्यांनी कधी नव्हे ते टोपलं स्वतःच्या हातात घेतलं, ते रिकामं होतं ही गोष्ट वेगळी. घाटी उतरताना मी रडत होते आणि मनात स्वतःला नाही नाही ते बोलत होते. गुरवाला पढवलं, देवीला गाठलं, नवऱ्याला आठ पावलांवर आणून उभं केलं, आणि ज्यासाठी एवढं केलं ते दोन ओठ उघडले नाहीत. एवढी अक्कल असलेल्या बाईने एवढंही करू नये?

सोमवारी चार दात गेले. डॉक्टरने ते कागदात गुंडाळून दिले, हवेत का म्हणून. मी घेतले नाहीत.

फोटो महिन्याने आला. चांगला आला, कोणी नाही म्हणायचं नाही. मागे पाणी, पाण्यात डोंगर उलटा, आणि पुढे मी, डोक्यापासून पावलांपर्यंत, ओठ घट्ट मिटून, फौजदाराने बोलावल्यासारखी. सासूबाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि पसंती दिली. "शोभता. भिंतीर लावक काय हरकत नाय," त्या म्हणाल्या. आता माझ्या जाण्याचीच खोटी होती. मासिकाने फोटो परत पाठवला. दृश्यात व्यक्ती फार पुढे आली आहे असं त्यांनी कळवलं होतं. ह्यांनी तो अल्बममध्ये लावला आणि खाली लिहिलं, 'देवीचे तळे. पुढील बाजूस कुटुंब.' म्हणजे व्यक्तीला बढती मिळाली होती.

ते अक्षर बघून माझा संयम सुटला. संध्याकाळची वेळ, सासूबाई जावांना आणि मुलांना घेऊन देवळात गेलेल्या, घरात आम्ही दोघंच. हे ओटीवर शाईची बाटली बंद करत होते. मी म्हटलं, "मी तोंड मिटून उभी ऱ्हवलंय ती ऱ्हवलंय. पण तुमी आत बघत होतास मां? तुमी तरी म्हणूचा होता, हस म्हणान."

त्यांनी वर बघितलं. "तू हसतस?" ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो, मी त्या विषयातली आहे. त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि शुद्ध मालवणीत विचारलं होतं.

"तुका हसताना मी कधी बघूकच नाय," ते म्हणाले. "तुमी सगळ्यो आत हसतास, ता माका भायर आयकाक येता. मी घरात इलंय की गप होतास. माका वाटायचा, माझ्यारच हसतास म्हणान."

मी नाही म्हणायला गेले आणि मला ते जमेना, कारण ते खरं होतं. नव्वद टक्के वेळा आम्ही ह्यांच्यावरच हसायचो. मी आणि माझ्या जावा, चुलीपाशी. मी ह्यांची नक्कल करायची, "किंचित मागे सरक", आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. मग ओटीवर चपलांचा आवाज यायचा आणि आम्ही तोंडं मिटून भाकऱ्या थापू लागायचो. त्या घरात सुनेने नवऱ्याशी भांडलेलं चालायचं. मी भांडायचेही, भरपूर. पण त्याच्यासमोर दात दाखवून हसणं ही निर्लज्जपणाची गोष्ट होती. बाहेर उभं राहून तो माणूस अकरा वर्षं ते हसणं ऐकत होता, आणि आत आला की त्याला माझा हा फोटोतला चेहरा बघायला मिळत होता. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच, कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून हे मला मागे सरकायला सांगताहेत असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं, आणि मी हसले. तोंडावर हात न्यायचं राहून गेलं. वरच्या ओळीत हे एवढं खिंडार.

हे बघत राहिले. मान खाली घालून, काचेतून नाही. असे, समोरून.

मग त्यांनी विचारलं, "दात होते तेवा कशी दिसायचस गो, हसताना?"

मी सांगायला तोंड उघडलं. आत्या काय म्हणायची, विहिरीवरच्या बायका काय म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं. पण मी कशी दिसायचे हे सांगता येईना. ते मीही कधी पाहिलेलं नव्हतं. आरशासमोर बाई कुंकू लावते, केस विंचरते, दुखरी हिरडी उघडून बघते. आरशासमोर उभी राहून हसत नाही. म्हणून तर मला फोटो हवा होता.